भांडी मोरीत हायेत, मास्तर

जैतूनचाचींच्या घरात एक प्रश्न विचारायला बंदी होती. ‘पेपर कसा गेला?’ हा प्रश्न जो विचारील त्यानं त्या दिवशीची घरातली सगळी भांडी घासायची. मग विचारणारी माडीवर राहणारी मुलगी असो, तिची मैत्रीण असो, नाहीतर मोटरसायकलची सीट शिवून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक असो.

मला हे माहीत नव्हतं. माझी एकुलती मुलगी अनुजा तेव्हा शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती आणि चाचींच्या माडीवर आणखी दोन मुलींबरोबर राहत होती. तिच्या पहिल्या सत्राच्या पहिल्या पेपरला मी शाळेतून रजा काढून दौंडहून मुद्दाम गेलो होतो. दुपारी ती कॉलेजातून आली, उंबऱ्याबाहेर चपला काढत होती, तेवढ्यात मी विचारलं, "कसा गेला?"

पुढच्या खोलीत शिलाई मशीन चालू होतं. ते थांबलं नाही. मशीनवर वाकलेल्या बाईंनी मान वर न करता म्हटलं, "भांडी मोरीत हायेत, मास्तर."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणाल्या. जिन्यात दोन मुली तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. अनुजानं हळूच मला नियम सांगितला. मी बावीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवणारा माणूस. कुणाच्या घरी जाऊन भांडी घासणं मला कसं जमावं? "मला बस गाठायची आहे," असं म्हणून मी उठलो.

"जा की. पण मग तुमच्या वाटची कुणी घासायची?"

"मी घासते चाची," अनुजा म्हणाली, आणि सॅक खांद्यावरून न उतरवताच मोरीकडं गेली.

त्या दिवशी मला फक्त त्या बाईचा राग आला. मुलगी किती पटकन तयार झाली, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

चाचींचं घराणं शिरूरचंच, कैक पिढ्यांचं. नवऱ्याचा सीट कव्हरचा धंदा होता. तो वारल्यावर त्यांनी मशीन घरी आणलं आणि स्वतः त्यावर बसल्या. बाई रेक्झिन शिवते हे बघायला आधी लोक यायचे, मग शिवून घ्यायला यायला लागले. अंगानं ठेंगण्या. मशीनचा पायटा नीट पायाखाली यावा म्हणून बुडाखालच्या खुर्चीचे पाय त्यांनी करवतीनं कापून घेतले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कव्हर बसवून झालं की गिऱ्हाईक उभ्या उभ्या हात फिरवून बघायचं. त्याला त्या म्हणायच्या, "बसून बघा. उभ्यानं कळत न्हाई." हेच वाक्य त्या मुलींच्या आईबापांनाही ऐकवत. आम्ही सगळे उभ्या उभ्याच यायचो.

एकदा त्यांनी मला विचारलं, "मास्तर, तुम्ही गणिताचे. एक गणित घाला सोडवून. माझ्याकडं दोन तऱ्हेचे आईबाप येतात. एक तुमच्यासारखे, पोरगी शिरूरला शिंकली तर दौंडला ऐकू जातं. दुसरे ह्या सोनालीच्या बापासारखे. पोरगी कितवीला हाय त्ये बी म्हाईत न्हाई. आन् पेपरच्या दिवशी पोटं दोघींची बिघडत्यात. सकाळी संडासाला रांग लागती. आता सांगा, ह्ये कसं?"

"तिसऱ्या तऱ्हेचे नसतात का?" मी जरा घुश्शातच विचारलं.

"असतील की. त्यांच्या पोरींना नुसती खोली लागती. मी लागत न्हाई."

सोनाली पाबळची, अनुजाबरोबर माडीवर राहणारी. परीक्षेच्या दिवसांत सगळ्यांचे फोन वाजायचे, तिचा वाजायचा नाही. मग चाची खाली मशीनवर बसून वर माडीवर तिला फोन लावायच्या. "जेवलीस का? केसाला तेल लावलंस का? हॉलतिकीट सॅकमधी ठिवलं का?" फोनमधला आवाज आणि जिन्यातून येणारा आवाज एकच असायचा, तरी सोनाली प्रत्येक प्रश्नाचं नीट, सविस्तर उत्तर द्यायची. मला तेव्हा तो पोरकटपणा वाटला होता.

आता माझी तऱ्हा सांगतो. आजवर ती मी चारचौघांत अभिमानानं सांगत आलो, इथं तशी सांगता येणार नाही.

अनुजा दहावीला असल्यापासून माझा एक रिवाज होता. तिनं प्रश्नपत्रिकेच्या कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षरात आपली उत्तरं लिहून आणायची. त्याच दिवशी मी तो पेपर स्वतः सोडवायचा, उत्तरं पडताळायची, आणि प्रत्येक प्रश्नापुढं लाल पेननं अपेक्षित गुण मांडायचे. कुठं घसरली ते समोर बसवून दाखवायचं. मग तिनं दुसऱ्या दिवशीच्या पेपरचा अभ्यास करायचा. पालकसभेत मी सगळ्यांना हेच सांगायचो. चूक ताजी असतानाच दाखवली पाहिजे, म्हणायचो. ती शिरूरला गेल्यावर मोबाइलवर प्रश्नपत्रिकेचे फोटो मागवायला लागलो. तीन वाजेपर्यंत फोटो आला नाही की मी फोन करायचो. सोडवून झालं की पुन्हा करायचो. ती ऐकून घ्यायची. "हो बाबा. हो. कळलं बाबा." मी तिला कधी मारलं नाही, आवाजही चढवला नाही. त्यामुळं आपण कडक आहोत असं मला वाटायचंच नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटच्या परीक्षेत तिसऱ्या पेपरचा फोटो आला नाही. मी फोन केला तर तो चाचींनी उचलला.

"पोरगी जेवतीय."

"पेपरचा फोटो पाठवायला सांगा तिला."

"पेपर माझ्याकडं हाय, डब्यात. आता तिघींचे बी पेपर आल्या आल्या डब्यात टाकायचे, असा नेम केलाय. शेवटचा झाला की देते सगळे."

मी मोटरसायकल काढली आणि चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं थेट शिरूर गाठलं. वाटेत कुठं चहालाही थांबलो नाही. बापाला मुलीची प्रश्नपत्रिका बघायची परवानगी मागावी लागते, हाच विचार डोक्यात ठणकत होता.

"चाची, पेपर द्या."

"शुक्रवारी या."

"मी बाप आहे तिचा."

"म्हणून तर देत न्हाई. परक्यानं मागितला असता तर दिला असता." मग त्यांनी हातातला रेक्झिनचा तुकडा माझ्यासमोर धरला. "ह्ये बघा. कापडाची शिवण उसवली तर कापड परत सपाट करता येतं. ह्याचं तसं न्हाई. सुई गेली तिथं भोक ऱ्हातं. म्हणून चुकली तर चुकली, उसवायची न्हाई, फुडची सरळ घालायची. पोरीचे आजून तीन पेपर ऱ्हायलेत मास्तर. उसवू नका."

डबा कपाटावर होता. बिस्किटांचा, पत्र्याचा. मी हात वर करून तो काढला आणि झाकण उघडलं. चाचींनी मला अडवलं नाही. त्यांचा पाय मात्र थांबला. मी त्या घरात असताना मशीन थांबलं, असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं.

अनुजा जिन्यात येऊन उभी होती. रेक्झिन कापायच्या फळीवर मी प्रश्नपत्रिका पसरली, खिशातला लाल पेन काढला आणि सोडवायला बसलो. तिसरा प्रश्न दहा गुणांचा होता. माझं उत्तर वेगळं आलं. "हे बघ, चिन्ह चुकलं," मी म्हणालो. "दहा गुण गेले. इतकं सोपं होतं. लक्ष कुठं होतं तुझं?"

"मी दोनदा तपासलं होतं," ती म्हणाली.

"दोनदा तपासून चुकलीस, म्हणजे तर आणखीच वाईट."

एवढंच बोललो. एका वाक्यानं असं काय होतं, असं नंतर पुष्कळ दिवस मी स्वतःला समजावत होतो. दुसऱ्या दिवशी अनुजा पेपरला गेली, बैठक क्रमांक लिहिला आणि तीन तास बसून कोरी उत्तरपत्रिका देऊन आली. पुढच्या दोन पेपरांना गेलीच नाही. चाचींनी फोनवर सांगितलं, "पोरगी म्हणती, लिहायला घेतलं की वाटतं हे बी चुकलं आसंल. न्यायला या. आन् येताना काय बोलू नका." मी काही बोललो नाही. न बोलणं मला फार सोपं जातं.

निकाल लागला तेव्हा त्या तिसऱ्या पेपरात तिला सगळ्यात जास्त गुण होते. आता हे फक्त माझ्यासारख्या माणसाला सुचू शकतं: मला ते गुण पटेनात. दहा गुण गेलेल्या पेपरात इतके पडतीलच कसे? मी उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज केला. अर्जावर विद्यार्थिनीची सही लागते, ती मीच ठोकली. कॉलेजातला क्लार्क हसून म्हणाला, "सर, लोक गुण कमी पडले म्हणून अर्ज करतात. जास्त पडले म्हणून करणारे तुम्हीच."

छायाप्रत आली. तिसऱ्या प्रश्नाला दहापैकी दहा. मी घरी दार लावून पुन्हा सोडवायला बसलो. दुसऱ्याच पायरीवर ऋण चिन्ह मी गाळलं होतं. गाळायचं कारणही काही नव्हतं, मोटरसायकलवरून रागात आलो होतो, एवढंच. मुलीचं बरोबर होतं. चुकलो होतो मी.

छायाप्रत मी माझ्या शाळेच्या कपाटातल्या जुन्या वह्यांखाली ठेवली आणि अनुजाला सांगितलं नाही. त्या वेळी ती दौंडच्या घरात दिवसदिवस भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. तिची आई म्हणायची, "काहीतरी बोला हो तिच्याशी." सांगायला माझ्याकडं एकच गोष्ट होती आणि तीच मला सांगता येत नव्हती. सांगितली तर बाप म्हणून काय उरणार, अशी भीती वाटायची. ‘आता सांगून काय उपयोग’ हे वाक्य मी स्वतःला पहिल्या महिन्यात ऐकवलं आणि पुढं वर्षानुवर्षं ऐकवत राहिलो. त्या वाक्याचा आता इतका वैताग येतो की दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं तरी मी उठून जातो.

याहून वाईट पुढंच आहे. मी मूळचा भांडगावचा. आमच्या भावकीतल्या दोन मुली माझ्याच सांगण्यावरून चाचींकडं राहायला जाणार होत्या. एका साखरपुड्यात आमचे आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, मला म्हणाले, "पोरीचं काय रं झालं?"

"शिक्षण सुटलं."

"मुसलमानाच्या घरात ठिवली व्हती न्हवं? तिथंच कायतरी बिनसलं आसंल."

सगळे माझ्याकडं बघत होते. ‘नाही आप्पा, माझ्यामुळं सुटलं,’ एवढं म्हणायचं होतं. मी चहाचा कप उचलला. तेवढं पुरलं. त्या दोन मुली गेल्या नाहीत, ही गोष्ट आणखी चार घरी गेली, आणि वर्षभरात चाचींची माडी रिकामी झाली. मी एक शब्दही वाईट बोललो नव्हतो. कितीतरी दिवस मी त्याचंच समाधान मानत होतो.

अनुजा हळूहळू उठली. शिक्रापूरला एका कारखान्यात तपासणी विभागात लागली, तिथंच खोली घेतली. राहिलेली पदवी तिनं बाहेरून पुरी केली. परीक्षा कधी दिली, कुठं दिली, आम्हाला पत्ता नाही. निकाल लागल्यावर आईला फोन केला. बढतीचं तेच, आजारपणाचंही तेच. तिच्या सगळ्या बातम्या मला होऊन गेल्यावर मिळतात. तक्रार कुणाकडं करणार? तो तिनं स्वतःपुरता केलेला डबा आहे.

दोन वर्षांपूर्वी दहावीच्या परीक्षेत मी शाळेच्या फाटकाशी उभा होतो. एक मुलगा पेपर देऊन बाहेर आला. बापानं त्याच्या हातातली प्रश्नपत्रिका घेतली, मोटरसायकलच्या सीटवर पसरली आणि खिशातून लाल पेन काढला. मला बघून कौतुकानं म्हणाला, "सर, तुम्हीच सांगितलं होतं पालकसभेत." मुलगा पायानं माती उकरत होता. मी त्या माणसाला काही बोललो नाही. नेहमीसारखाच. पण दुसऱ्या दिवशी छायाप्रत घेऊन शिरूरला गेलो.

चाची थकल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, मशीनवर चादर टाकलेली. मुलगा आणि सून शबाना त्यांच्याकडं राहत होते. मला आवाजावरून ओळखलं.

"आलात मास्तर? बसा. बसून बघा."

मी कागद पुढं केला. "मला दिसत न्हाई, वाचा," म्हणाल्या. मी वाचलं. प्रश्न तिसरा, दहापैकी दहा.

"मंजी पोरीचं बरुबर व्हतं."

"हो."

"आन् तिला म्हाईत न्हाई."

"नाही."

"किती वरसं झाली?"

"सहा."

मग म्हणाल्या, "मग मला कशाला दावताय? म्या दिला व्हता का पेपर?"

"तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकायची ती."

"ऐकती की आजून. म्हैन्याच्या पैल्या रविवारी येती. माझ्या नखांना कात्री लावती, भांडी घासती, जाती." हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. शिक्रापूरहून शिरूरला मुलगी दर महिन्याला जात होती, आणि दौंडला सणाला. "पर मी न्हाई सांगायची. बापाचं पोरीला मी काय म्हणून सांगू? डब्यात ठिवते. शेवटचा पेपर झाला की द्यायचा, आपला नेम हाय. तुमचा शेवटचा ऱ्हायलाय."

शबानानं दिलेल्या चहाचा कप मी खाली ठेवला. जायला उठणार, तर त्या म्हणाल्या, "भांडगावचं बी आलं व्हतं कानावर."

मी रिकामा कप पुन्हा उचलला.

"सांगणारा म्हणला, मास्तर एक शब्द वाईट बोलले न्हाईत. म्या म्हणलं, त्ये खरं आसंल. त्यो माणूस बोलतच न्हाई. त्याचाच तर समद्यांना तरास हाय." आणि त्या चक्क हसल्या. दात उरले नव्हते, पण मनापासून हसल्या.

त्या वेळी ‘माफ करा’ म्हणायला हवं होतं. कुणीही म्हटलं असतं. मी म्हणालो, "चहा चांगला झाला होता."

"शबानाला सांगा. मी न्हाई केला," त्या म्हणाल्या.

गेल्या महिन्यात अनुजाचा फोन आला. "चाची गेल्या. परवा." मी तिसऱ्या दिवशी शिरूरला पोचलो. पुढच्या खोलीत बायका बसल्या होत्या, आतून भांड्यांचा आवाज येत होता. अनुजा मोरीत होती, ओढणी कमरेला खोचून, आल्यागेल्यांची ताटं घासत. शबाना डबा घेऊन बाहेर आली. "अम्मीनं बजावून ठेवलं होतं. मास्तर येतील, त्यांचा कागद त्यांच्याच हातात दे, दुसऱ्या कुणाच्या नको."

अनुजा हात पुसत दारात आली. "कसला कागद, बाबा?"

"जुना आहे. माझाच."

"तुमचा कागद चाचींकडं?"

मी तिच्याकडं बघितलं. इतकी वर्षं ज्या प्रसंगाला मी टाळत होतो तो समोर उभा होता, ओल्या हातांनी. शेजारी मोरीत ढीगभर भांडी होती. तिथं पाटावर बसलो असतो तर कदाचित बोललोही असतो. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "मला बस गाठायची आहे."

तिनं मान हलवली आणि परत आत गेली.

त्या बसमध्ये बसल्यापासून मी हे लिहितो आहे. बोलायचं माझ्याच्यानं होत नाही, हे चाचींनी कधीच ओळखलं होतं. लिहायला तरी जमतं का बघावं म्हणून लिहिलं. चाचींना न बघितलेल्या माणसांनी हे वाचावं अशी माझी इच्छा आहे, भांडगावच्या माणसांनी तर वाचावंच. पण त्यांच्याआधी एका वाचकाचा मान आहे.

रविवारी अनुजा दौंडला येणार आहे. आईनं तिला बोलावलंय, मी आईला बोलवायला सांगितलं म्हणून. जेवणं झाली की छायाप्रत आणि ही पानं तिच्या हातात देईन. अनू, तुझं उत्तर बरोबर होतं. तू दोनदा तपासलं होतंस. चिन्ह मी गाळलं होतं.

ती बाहेरच्या खोलीत वाचत बसेल तेव्हा मी आत भांडी घासत असेन. सगळी, तिच्या वाटची धरून. कदाचित ती उठून आत येईल, कदाचित पानं टेबलावर ठेवून शिक्रापूरची गाडी पकडेल. वाचून कसं वाटलं, हे मी तिला विचारणार नाही.